गुडघ्याचा एमआरआय आणि आपण साठीतले विद्यार्थी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत ज्या गुडघ्यांनी उठाबशा काढल्या, लंगडी-कबड्डी खेळली, ते आता साठीत कुरकुरू लागले आहेत. मघाशी जेवताना तिघांनी मला मोबाइलवर एमआरआयचे रिपोर्ट दाखवले. प्रश्न एकच : "गादी फाटली म्हणतात, ऑपरेशन करावं लागेल का?" मी रेडिओलॉजिस्ट, तेव्हा सगळ्यांनाच सांगतो.

विज्ञानाच्या तासाला चुंबकाभोवती लोखंडाचा कीस मांडलेला आठवतो ना? एमआरआयमध्येही चुंबकच असतो, बहुधा १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. क्ष-किरण अजिबात नाहीत. आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी डिवचलं की ती संकेत देतात; त्यातून चित्र तयार होतं. या कामासाठी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

एक्स-रेत हाडं दिसतात. एमआरआयमध्ये कूर्चा, लिगामेंट, मेनिस्कस म्हणजे आपली 'गादी', हाडाच्या आतली सूजसुद्धा दिसते. पण जे दिसतं तेच दुखतं, असं नाही.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय केला गेला. २००८ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांची गादी फाटलेली होती, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता! फिनलंडमध्ये गादी झिजून फाटलेल्या, पण संधिवात नसलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची खरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, काहींची नुसती लुटुपुटूची. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं.

म्हणून आपल्या वयात गादीची झीज ही बरेचदा केस पिकण्यासारखी असते. हळूहळू वाढलेल्या दुखण्यात आधी डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासावा, उभं राहून एक्स-रे काढावा. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजनावर ताबा, ही औषधं स्वस्त आहेत, म्हणून दुर्लक्षित आहेत.

एमआरआय हवा कधी? पाय मुरगळून काही तासांत गुडघा सुजला, चालताना गुडघा दगा देतो, किंवा मध्येच अडकून सरळ होत नाही, तेव्हा. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तपासणीला जाताना पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण, काहीही असेल तर आधीच सांगा. यंत्र ठकठक करतं, घाबरू नका. फक्त हलू नका. बाईंनी पट्टी उगारल्यावर बसायचो, तसे बसा!

आणि रिपोर्ट हाती आला की डॉक्टरांना एवढंच विचारा, "यात लिहिलंय ते माझ्या दुखण्याशी जुळतं का?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.