गाभोळीची वही
(मुरुड येथे मासळी विकणाऱ्या महिलांच्या बैठकीतील भाषण)



आपल्याकडे होडीवर पुरुष जातात, मासळी बायका विकतात. पण रुचा करकरे या शास्त्रज्ञ बाई लक्षद्वीपच्या समुद्रात स्वतः बुडी मारून प्रवाळातल्या हेकरूंचा अभ्यास करतात. बित्रा बेटापाशी अमावास्येच्या सुमारास एका जातीचे हेकरू अंडी घालायला मोठ्या संख्येने जमतात. तिथे मोठे नर लहान माद्यांच्या थव्यांमागे असतात, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जगापुढे मांडले. अशा वेळी बेसुमार मासेमारी झाली तर अंडी घालण्याआधीच माद्या संपतात. मग पुढच्या वर्षी पाटीत काय येणार?

गाभोळीची मासळी कोणत्या तिथीला येते, आकार कधीपासून घटला, हे विकणारीइतके कोणाला ठाऊक? तरी मासेमारीचे नियम ठरवताना तिला कोण विचारते? म्हणून आजपासून वही घालू या : तिथी, मासा, आकार, गाभोळी. जिला लिहिता येत नाही तिने लेकीकडून लिहून घ्यावे. वर्षभराने ती वही सोसायटीच्या सभेत ठेवू. मग आपल्या बोलण्याला ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून उडवून लावणे सोपे जाणार नाही.