विजयानंतरचा खेळ



दुबळ्या संघानें बलाढ्य संघाचा पाडाव केल्याची गोष्ट आबालवृद्धांस आवडते. शेवट काय होणार हें आधींच ठाऊक असूनही आपण ती श्वास रोधून ऐकतों. अशाच एका गोष्टीवर उभारलेल्या ‘झुंड’ ह्या हिंदी चित्रपटाविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक श्री. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यांतील जेऊरचे. इंदापूर तालुक्याच्या काठीं उभें राहून उजनीच्या जलाशयापलीकडे पाहिलें, म्हणजे दिसतो तो करमाळा तालुकाच. शेजारच्या गांवचा माणूस काय सांगतो, हें ऐकण्याची उत्सुकता आम्हां बारामती-इंदापूरकडील मंडळींस अधिक असावी, हें स्वाभाविकच होय.

परंतु हा विषय मीं निवडला तो केवळ शेजारधर्म म्हणून नव्हे. सामान्यतः अशा कथा विजयाबरोबर संपतात. पडदा पडतो, टाळ्या होतात, आणि प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. ह्या चित्रपटांत मोठा विजय मध्यावरच मिळतो आणि कथा पुढें चालूच राहते. तो पुढचा भाग कशासाठीं, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मूळ हकीकत नागपूरची आहे. तेथील हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे ह्यांनीं झोंपडपट्टींतील कांहीं मुलें भर पावसांत एक फुटकी बादली लाथाडीत खेळत असलेलीं पाहिलीं. बादलीच्या जागीं त्यांनीं चेंडू दिला. ह्या साध्या प्रसंगांतून २००१ सालीं झोंपडपट्टी फुटबॉलचें कार्य सुरू झालें आणि ‘स्लम सॉकर’ ह्या नांवानें तें पुढें देशाबाहेरही परिचित झालें. २०१४ सालीं आमिर खान ह्यांच्या ‘सत्यमेव जयते’ ह्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमामुळें ही हकीकत घरोघरीं पोहोंचली. चित्रपटांत बारसे ह्यांचे विजय बोराडे झाले आहेत आणि ती भूमिका अमिताभ बच्चन ह्यांनीं केली आहे. त्यांच्या भोंवतीं दिसणारीं मुलें मात्र बहुतेक नागपूरकडचींच, अभिनयाशीं पूर्वीं कांहींएक संबंध नसलेलीं. म्हणूनच तीं नटल्यासारखीं वाटत नाहींत.

आरंभींचा एक प्रसंग शिक्षकाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. हीं मुलें चोऱ्या करणारीं, व्यसनांत अडकलेलीं, दिवसभर उनाडणारीं. बोराडे त्यांस उपदेश करीत नाहींत. खेळण्याबद्दल पैसे देऊं करतात. मुलांना वाटतें, म्हाताऱ्याचें डोकें फिरलें! कांहीं दिवस असे जातात आणि मग पैसे बंद होतात. मुलें तरीही येतात, आणि आतां तीं पैसे मागत नाहींत, चेंडू मागतात. ज्यांनीं वर्गांत खडू हातीं धरून उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्यांना ह्या युक्तीचें मर्म सांगावयास नको. गोडी लागेपर्यंत आमिष चालतें. गोडी लागल्यावर तें काढून घेण्याचें धैर्य शिक्षकापाशीं असावें लागतें. आम्ही बक्षिसें वांटतों, गुण वाढवितों, पण हात आखडता केव्हां घ्यावा हें पुष्कळदां विसरतों.

पुढें ह्या मुलांचा सामना शेजारच्या महाविद्यालयाच्या संघाशीं ठरतो. एकीकडे बूट, गणवेश आणि रोजचा सराव. दुसरीकडे जें मिळालें तें पायांत घालून आलेला मेळा. प्रारंभीं हा मेळा भांबावतो, आपापसांत भांडतो, नियम मोडतो. हळूहळू त्याचा संघ होतो आणि अखेरीस तो जिंकतो. ‘झुंड’ हा शब्द आपण पशूंच्या कळपास किंवा बेभान जमावास लावतों. ह्यांना झुंड म्हणूं नका, संघ म्हणा, असा बोराडे ह्यांचा आग्रह आहे. साऱ्या चित्रपटाचें बीज ह्या आग्रहांत आहे.

झुंड आणि संघ ह्यांत भेद कशाचा? माझ्या मतें नियमाचा. ह्या मुलांना नियम म्हणजे काय तें तोंवर एकाच रूपानें ठाऊक होतें, तें म्हणजे पोलिसाच्या काठीचें. नियम नेहमीं त्यांच्या विरुद्धच उभा राही. मैदानावर पंचाची शिट्टी प्रथमच त्यांच्या बाजूनेंही वाजते. त्यांना कोणीं पाडलें तर खेळ थांबतो, आणि पाडणाऱ्यास, तो कोणाचाही मुलगा असो, जाब द्यावा लागतो. जो नियम आपलेंही रक्षण करतो, तो पाळावासा वाटतो. शिस्त शिस्त म्हणून कंठशोष करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु सामना संपल्यावर काय? झोंपडपट्टी आणि महाविद्यालय ह्यांच्यामध्यें एक भिंत आहे, आणि ती ओलांडण्यास सक्त मनाई आहे. विजयानें ही भिंत पडत नाहीं. विजयी मुलगा घरीं जातो तो त्याच गल्लींत, जुन्या वैऱ्यांच्या शेजारीं, पोलिसांच्या त्याच वहींत नांव असलेला.

खेळाच्या इतिहासांत हें नवें नाहीं. १९११ सालीं, २९ जुलै रोजीं, कलकत्त्यास मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास २ विरुद्ध १ गोलांनीं हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली. अकरा गड्यांपैकीं दहाजण अनवाणी खेळले होते. प्रतिपक्षी परकी राज्यकर्ता होता. त्यामुळें त्या जयाचा अर्थ सांगण्याची कोणास गरज पडली नाहीं. त्याच वर्षीं आपल्याकडील पालवणकर बाळू भारतीय संघाबरोबर इंग्लंडांत गेले आणि त्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांवर बळी मिळविले. हे बाळू पुण्यांत गोऱ्यांच्या क्लबांत अल्प वेतनावर मैदानाची देखभाल करीत आणि साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकीत. पुढें हिंदूंच्या संघास त्यांच्यावांचून चालेना. मैदानावर लोक त्यांच्या गोलंदाजीची वाखाणणी करीत, परंतु चहाच्या वेळीं त्यांचें मातीचें पात्र निराळें असे! त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल हे हिंदु संघाचे कर्णधार झाले ते १९२३ सालीं. परक्याशीं झालेला सामना एका दुपारीं जिंकतां येतो. आपल्याच माणसांनीं बांधलेल्या भिंतीशीं चाललेला सामना पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.

‘झुंड’चा उत्तरार्ध ह्या दुसऱ्या सामन्याचा आहे. संघाला परदेशीं स्पर्धेस जावयाचें असतें. ही बेघरांची विश्वचषक स्पर्धा काल्पनिक नव्हे. ती प्रथम २००३ सालीं ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथें भरली. परदेशीं जावयाचें म्हणजे पारपत्र हवें, आणि पारपत्रास कागद हवेत. आपल्या अकलूजच्या रिंकू राजगुरू ह्यांनीं येथें मोनिका नांवाच्या आदिवासी मुलीची भूमिका केली आहे. ती आणि तिचा बाप आपण कोण आहों हें सिद्ध करण्यासाठीं दारोदार हिंडतात. गोल करणें तिला सोपें, पण मी ह्याच देशाची आहें हें कागदावर दाखविणें कठीण! दुसरीकडे ज्या मुलावर पोलिसांत तक्रार आहे, त्याच्यासाठीं बोराडे न्यायालयांत उभे राहून बोलतात. येथें शिट्टी वाजविणारा पंच नाहीं, आणि खेळ किती वेळ चालेल ह्याला मर्यादाही नाहीं.

चित्रपट निर्दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. जवळजवळ तीन तासांची त्याची लांबी जाणवते. मोनिकेची कथा स्वतंत्र चित्रपटाच्या योग्यतेची असतां ती थोडक्यांत उरकली आहे. कित्येक प्रेक्षकांस उत्तरार्ध विस्कळित वाटला, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. तथापि सामन्याबरोबर कथा संपविली असती, तर प्रेक्षक सुखावला असता आणि भिंत विसरून गेला असता. दिग्दर्शकानें त्याला इतक्या स्वस्तांत घरीं जाऊं दिलें नाहीं, ह्याबद्दल मी त्यांस धन्यवाद देतों.

आतां आपल्या दाराकडे वळूं. दिवाळीच्या आगेमागें गाळपाचा हंगाम सुरू झाला, कीं माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरांत ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या त्या कुटुंबांबरोबर लहान मुलेंही असतात. हंगाम सरला कीं कोपी मोडते. ह्या येण्याजाण्यांत मुलांची ना तेथली शाळा धड होते, ना येथली. अशा मुलांसाठीं साखरशाळा काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि ते स्तुत्य आहेत. पण सायंकाळीं शाळेचें मैदान ओस पडलें आहे, फाटकास कुलूप आहे, आणि कुंपणाच्या तारेला धरून चार पोरें आंत पाहत आहेत, असें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं असा शिक्षक आमच्या भागांत विरळा.

तें कुलूप तासभर उघडतां येणार नाहीं काय? बेघरांच्या त्या स्पर्धेंत प्रत्येक बाजूस चारच खेळाडू मैदानांत असतात आणि सामना सात सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो. एवढ्या खेळास मोठी जागा लागत नाहीं, ना मोठा खर्च. एक चेंडू, एक शिट्टी, आणि ती निःपक्षपातीपणानें वाजविणारा एक वडीलधारा माणूस, इतकें पुरे. सामानाची मोडतोड होईल, भांडणें होतील, जबाबदारी कोणाची, असे आक्षेप येतील. ते खोटे नाहींत; परंतु आपल्या स्वतःच्या मुलांच्या बाबतींत हेच सारे धोके आपण आनंदानें पत्करतों. तेथली शाळा आणि इथली मुलें एका संघांत खेळलीं, तर कोपींतल्या मुलाचें नांव निदान चौघांना ठाऊक होईल. कागद पुढें मिळावयाचे तेव्हां मिळोत. ओळखीचा आरंभ नांव घेऊन हांक मारण्यापासूनच होतो.

म्हणून ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनीं तो अवश्य पाहावा, आणि मुलांसमवेत पाहावा. सामना जिंकल्यावर टाळ्या जरूर वाजवाव्या. मात्र त्यानंतर आसन सोडून उठूं नये. येत्या हंगामांत आपल्या जवळच्या शाळेच्या मैदानाची किल्ली सायंकाळीं कोणापाशीं असते, एवढी चौकशी ज्यानें केली, त्यानें तो चित्रपट खरोखर शेवटपर्यंत पाहिला असें मी समजेन.