गाडी न येणारं स्टेशन



२६ डिसेंबर १९१३. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात भर दुपारी जुन्या रेल्वे स्टेशनाला आग लागली. नवं स्टेशन जवळजवळ बांधून झालेलं होतं, उद्घाटन जेमतेम आठवड्यावर आलं होतं. पण गाड्या काही समारंभासाठी थांबत नाहीत. त्याच संध्याकाळी नव्या स्टेशनातून वाहतूक सुरू झाली. फीत नाही, भाषण नाही, थेट शिट्टी.

या स्टेशनाचं नाव मिशिगन सेंट्रल. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्या वास्तुविशारदांच्या हातचं, त्यांचंच हेही काम. पुढे रोमन स्नानगृहांच्या धर्तीवरचं उंच कमानींचं प्रतीक्षागृह, त्याच्या छताला एकोणतीस हजार फरश्या, आणि मागे कचेऱ्यांचा अठरा मजली मनोरा. डौल असा, की तिकीट न काढताही आत जाऊन बसावं.

एक चूक मात्र पायातच होती. स्टेशन बांधलं शहराच्या मध्यापासून सुमारे तीन किलोमीटर लांब. शहर आपणहून इकडे वाढेल, असा हिशेब. तोवर उतारू ट्रामने येतील, म्हणून मोटारी उभ्या करायला फारशी जागाच ठेवली नाही. आणि हे कुठे, तर डेट्रॉईटमध्ये! जिथे हेन्री फोर्डच्या कारखान्यातून मोटारी लाह्यांसारख्या बाहेर पडत होत्या, तिथे. १९३८ साली ट्राम स्टेशनापर्यंत यायची थांबली. युद्धकाळात गर्दी झाली, ती ओसरली, आणि जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली.

पुढची तीस वर्षं फार बोलण्यासारखी नाहीत. तांब्याच्या तारा गेल्या, संगमरवर गेला, दिवे गेले, काचा गेल्या. पावसाचं पाणी तळघरात साचलं. २००९ साली तर नगर परिषदेने इमारत पाडण्याचा ठराव केला. एका रहिवाशाने कोर्टात धाव घेतली आणि ती वाचली. आपल्या पुण्या-चाकणच्या मोटार कारखान्यांतून कितीतरी इंजिनिअर डेट्रॉईटला जाऊन राहिलेत. त्यांनी पाहुण्यांना लांबून दाखवलेलं स्टेशन हे असं, भोकं पडलेल्या पोळ्यासारखं.

२०१८ मध्ये ते विकत घेतलं फोर्ड कंपनीने. ज्या मोटारीने स्टेशनाचा जीव घेतला, तिच्याच घराण्याने ते दत्तक घेतलं म्हणा ना!

तळघरातून सव्वा कोटी लिटरहून अधिक पाणी उपसलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं. झिजलेल्या खांबांसाठी तोच चुनखडीचा दगड हवा म्हणून इंडियाना राज्यातली, तीस वर्षं बंद पडलेली खाण शोधून काढली. खांबाचं एक फुलापानांचं शीर्ष घडवायला चारशेहून जास्त तास छिन्नी चालली. छताच्या एकोणतीस हजार फरश्यांपैकी बदलाव्या लागल्या फक्त तेराशेच्या आसपास. बाकीच्या ऊन, पाऊस, बर्फ सोसून जागच्या हलल्या नव्हत्या. १९१३ च्या गवंडीकामाबद्दल यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते घड्याळाचं. खरेदीची बातमी आल्यावर जवळच्याच हेन्री फोर्ड संग्रहालयात एक निनावी फोन आला: स्टेशनातलं जुनं घड्याळ वीसेक वर्षांपूर्वी गेलं, ते परत करायचंय. मग निरोप आला, दोन माणसं आणि एक ट्रक ताबडतोब पाठवा. माणसं गेली, तर एका जळक्या इमारतीला टेकून, कांबळ्यात नीट गुंडाळलेलं घड्याळ उभं! नेणाऱ्याने इतकी वर्षं ते जपलं होतं. कंपनीनेही शहाणपणा केला, कुणाचीही चौकशी करणार नाही असं जाहीर केलं. मग कुणी दिवा आणून ठेवला, कुणी छताच्या गिलाव्याचं नक्षीचं फूल. आता याला चोरी म्हणायचं की सांभाळणं, तुम्हीच ठरवा. दुरुस्ती करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. पडक्या काळात पोरांनी भिंतींवर रंगवलेल्या चित्राक्षरांतली काही पुसली नाहीत. चकचकीत फरशीशेजारी ती आजही आहेत.

६ जून २०२४ रोजी स्टेशन पुन्हा उघडलं. शेजारी १९३६ सालची टपाल खात्याची इमारत आहे, अल्बर्ट कान यांनी आखलेली. पुढे ती शाळाखात्याच्या पुस्तकांचं कोठार झाली, १९८७ मध्ये आगीत सापडली, आणि कुजलेल्या पुस्तकांच्या ढिगावर चक्क झाड उगवलं. त्याच इमारतीत २०२३ पासून यंत्रशाळा आहे. नवी कल्पना घेऊन आलेल्या माणसाने तिथे लाकूड, लोखंड कापावं, जोडावं, नमुना करून पाहावा, मोडावा, पुन्हा करावा. आणि स्टेशनाच्या वरच्या मजल्यावर शहरातल्या शाळकरी मुलामुलींना संगणक शिकायला जागा दिली आहे.

आपल्या बोरीबंदर स्टेशनावरची नक्षी मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जे.जे.मधल्या, विद्यार्थ्यांच्या हातची आहे, हे मला इथे आठवतं. 'डिझाइन' हा शब्द अशा नव्या जागांच्या पाट्यांवर हल्ली फार स्वस्त झालाय. काच लावायची, कॉफीचं यंत्र ठेवायचं, झालं डिझाइन! माझी कसोटी साधी आहे: जवळच्या गल्लीतल्या पोराला तिथे हत्यार हातात धरायला मिळतं का? प्रतीक्षागृह सगळ्यांना खुलं आहे हे चांगलंच, पण मनोऱ्यातल्या बहुतेक जागेवर मोठ्या कंपन्यांची माणसं बसणार असतील, तर शेजारच्या जुन्या वस्तीचं भाडं वाढायला वेळ लागत नाही. तेव्हा त्या यंत्रशाळेच्या दारातून कोण आत जातं आणि कोण नाही, त्यावर माझा डोळा राहणार.

राहता राहिली गाडी. एवढ्या नव्या जुळवाजुळवीत उतारूंची गाडी काही अजून परतलेली नाही. मागचे रूळ मात्र जिवंत आहेत. त्यांवरून मालगाड्या १९१० च्या बोगद्यात शिरतात आणि नदीच्या खालून पलीकडे, कॅनडातल्या विंडसरला निघून जातात. वरच्या मजल्यावरच्या पोरांना खिडकीतून त्या दिसत असतील.