सांगणारा कोण?

श्रोतेहो, आपल्या नगरच्या बाजारात कुणी वावडी उठविली, तर "तुला कोणी सांगितले?" असे विचारता येई; सांगणारा समोर असे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर मेहुण्याच्या नावाने येतो आणि मेहुण्यावरचा विश्वास आपण त्या मजकुरावर ठेवतो. मूळ लिहिणारा मात्र कोठेच नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अशाच मजकुरांनी बिथरलेल्या जमावाने, भिक्षेकरिता हिंडणाऱ्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. ठीक झाले, पण त्या पाचांतला एक तरी मेहुण्याला उलट विचारतो काय? मेहुणा रुसेल, याचेच आपल्याला अधिक भय!