बाणाखालचा तेजोमेघ

मृग नक्षत्र आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे. चार पायांचे चार तारे आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. पौष-माघात रात्री नऊच्या सुमारास बाहेर या, आणि बाणाच्या खाली, दक्षिणेकडे पाहा. तिथे तीन फिके तारे दिसतील. त्यांतला मधला जरा धुरकट वाटतो ना? तिथे तेजोमेघ आहे. म्हणजे वायू आणि धूळ यांचा प्रचंड ढग. त्यात आजही नवे तारे जन्म घेत आहेत. तिथून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला सुमारे १३०० वर्षे लागतात. आज दिसणारा उजेड निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं!

लहान दुर्बिणीतून हा मेघ राखाडी दिसतो, छायाचित्रात मात्र तांबूस. असं का? मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, आणि डोळा प्रकाश साठवूनही ठेवीत नाही. कॅमेरा साठवतो. बारीक झऱ्याखाली घागर ठेवली की ती हळूहळू भरते, तसंच हे. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली याच मेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं. त्यासाठी त्यांनी काच ५१ मिनिटे उघडी ठेवली होती.

आता डिजिटल कॅमेरा दुर्बिणीला जोडतात. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. त्यांच्यामागे दुर्बीण फिरवायला मोटर लागते. पण गुरुजी, मोटर नसली तरी अडत नाही. साधा कॅमेरा तिवईवर घट्ट बसवा. पाच-पाच सेकंदांची शंभर चित्रं घ्या आणि संगणकावर तारे जुळवून एकावर एक रचा. खोटे ठिपके दर चित्रात जागा बदलतात, तारा बदलत नाही. उफणणीत भूस उडून धान्य उरावं, तसा मेघ उरतो.

मात्र एक गोष्ट बाजारात मिळत नाही, ती म्हणजे काळोख. शहराच्या उजेडात हा मेघ बुडून जातो. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान मिळाला, तो अंधार जपल्याबद्दल. गावात दिवा हवाच. वाटेवर विंचूकाटा असतो. पण दिव्याला वरून झाकण घाला, उजेड पायाखाली पडू द्या, आणि काम नसेल तेव्हा शाळेच्या आवारातला मोठा दिवा मालवा. मग त्याच आवारात मुलांना हा मेघ दाखवता येईल.