कोर्लईचा गड आणि कोर्लईची बोली

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात राहणाऱ्या आम्हां तापीकाठच्या माणसांना समुद्राचे अप्रूप फार. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कुंडलिकेच्या मुखाशी, सागरात शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला दिसतो. १७४० साली पोर्तुगीजांनी तो मराठ्यांस सोडला. सत्ता गेली, पण पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून जन्मलेली बोली राहिली. गावकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. ती बोलणारे हजाराच्या आसपास. मुले शाळेत मराठी शिकतात. मराठीचा शिक्षक म्हणून मला त्याचा आनंद वाटतो, तशी काळजीही वाटते. तटाचे ढासळलेले चिरे पुन्हा रचता येतील; ओठांवरून गेलेली बोली परत येत नाही. कोर्लईस जाल तेव्हा बुरूज अवश्य पाहा. मग घटकाभर गावातही थांबा आणि ती बोली ऐका.