घड्याळाचा तास आणि शेतातला दिवस



बेंगळुरू शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा वसले आहे. एकेकाळचे हे खेडे आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका येथपर्यंत धावू लागली आहे. तरीही तालुक्याच्या आतल्या भागात गेले की नाचणीची शेते, फुलांचे मळे आणि दारात बांधलेली दुभती जनावरे दिसतात. या एकाच परिसरात दोन प्रकारच्या वेळा नांदतात. कारखाना पाळीच्या घड्याळावर चालतो. शेत उजाडण्यावर आणि मावळण्यावर चालते. अनेक घरांत एक माणूस पाळीला जातो आणि दुसरा शेताला. त्यामुळे देशाचे घड्याळ पुढेमागे करण्याचा विचार होतो, तेव्हा त्याचा परिणाम अशा घरांवर काय होईल, हा प्रश्न केवळ भूगोलाचा राहत नाही.

घड्याळ पुढे करण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’ म्हणतात. मराठीत तिला ‘प्रकाशबचत वेळ’ म्हणता येईल. उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करावयाची आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पूर्ववत करावयाची, असे तिचे स्वरूप आहे. सूर्य नेहमीच्याच क्षणी उगवतो. माणसे मात्र तासभर लवकर उठतात आणि संध्याकाळचा उजेड त्यांच्या वाट्याला अधिक येतो. दिव्यांची वीज वाचावी, हा तिचा मुख्य हेतू.

शेतकऱ्यांचा विरोध

ही पद्धत शेतकऱ्यांच्या सोयीसाठी निघाली, असा एक समज रूढ आहे. इतिहास याच्या उलट आहे. न्यूझीलंडमधील जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये आणि इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये ही कल्पना मांडली. दोघेही शेतकरी नव्हते. पहिल्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी जर्मनीने एप्रिल १९१६ मध्ये आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रिटनने ती अंमलात आणली. अमेरिकेने १९१८ मध्ये तिचा स्वीकार केला. परंतु शेतकऱ्यांच्या तीव्र विरोधामुळे १९१९ मध्ये तेथील काँग्रेसने, अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, ती रद्द केली.

या विरोधामागील कारणे आजही लक्षात घेण्याजोगी आहेत. कापलेले गवत दहिवर सुकल्याशिवाय गोळा करता येत नाही आणि दहिवर सूर्याच्या उन्हानेच सुकते. घड्याळ पुढे गेले की मजूर तासभर आधी शेतावर हजर होत, काम सुरू होईपर्यंत ताटकळत आणि संध्याकाळी ऐन कामाच्या वेळी घरी निघून जात. गायींच्या दोन धारांमधील अंतर ठरलेले असते. दूध नेणारी गाडी अचानक तासभर आधी येऊ लागली, तर धारेची वेळ दररोज थोडी थोडी सरकवून जनावरांना नव्या वेळेची सवय लावावी लागते.

भारतीय शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. हरभऱ्याची काढणी तो सकाळच्या दहिवरातच उरकतो, कारण उन्हाने घाटे वाळले की दाणे गळतात. मळणीसाठी मात्र ऊन चढण्याची वाट पाहावी लागते. एका कामाला दहिवर हवे असते, दुसऱ्याला नको असते. आणि दोन्ही कामांचा मुहूर्त सूर्य ठरवतो. ‘झुंजुमुंजू झाले’, ‘दिवस कासराभर वर आला’, ‘उन्हे कलली’, ‘दिवेलागण झाली’ हे शब्दप्रयोग म्हणजे या कालगणनेची एककेच होत.

एक देश, एक वेळ

भारताचा विस्तार पश्चिम-पूर्व सुमारे ६८ अंश ७ मिनिटे ते ९७ अंश २५ मिनिटे पूर्व रेखांशांपर्यंत आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे देशाच्या दोन टोकांवरील सूर्योदयात जवळपास दोन तासांचा फरक पडतो. प्रमाणवेळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. बोम्मसंद्रा सुमारे ७७.७ अंशांवर असल्याने तेथील स्थानिक सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या सरासरी १९ मिनिटे मागे आहे. मुंबईची ३९ मिनिटे.

ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. पण ती सहजासहजी स्वीकारली गेली नाही. कोलकात्याने स्वतःची वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत जपली. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध आवाज उठवला होता. घड्याळ ३९ मिनिटे पुढे जाणे म्हणजे तेवढा वेळ अधिक अंधारात घर सोडणे, हे त्यांना नेमके कळले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातही घड्याळे एक तास पुढे ठेवण्यात आली होती. युद्ध संपताच ही व्यवस्था मागे घेतली गेली.

स्वातंत्र्यानंतर ईशान्य भारतातून स्वतंत्र वेळेची मागणी सातत्याने होत राहिली. तेथे सूर्य फार लवकर उगवतो आणि कार्यालये उघडेपर्यंत दिवसाचा मोठा भाग सरून गेलेला असतो. आसामच्या चहामळ्यांनी यावर जुना तोडगा काढला आहे. तेथील ‘बागान वेळ’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते आणि पाने खुडण्याचे काम त्यानुसार चालते. केंद्र सरकारने २००१ मध्ये एक चार सदस्यीय समिती नेमली. तिच्या निष्कर्षांची माहिती २००४ मध्ये संसदेला देण्यात आली. त्यात एकाच प्रमाणवेळेत बदल सुचवलेला नव्हता. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन वेळक्षेत्रांचा प्रस्ताव मांडला. तोही अद्याप प्रस्तावच आहे.

अर्ध्या तासाचा प्रस्ताव

बेंगळुरूचा या चर्चेशी थेट संबंध आहे. तेथील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील दिलीप अहुजा आणि डी. पी. सेनगुप्ता या अभ्यासकांनी वेगळा मार्ग सुचवला. दोन वेळक्षेत्रे नकोत आणि वर्षातून दोनदा घड्याळे बदलणेही नको. संपूर्ण देशाची घड्याळे कायमची अर्धा तास पुढे करावीत, असे त्यांचे म्हणणे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार यामुळे वर्षाला २७० कोटी युनिटांहून अधिक विजेची बचत होऊ शकते. संध्याकाळी घरोघरी एकाच वेळी दिवे लागतात आणि विजेची मागणी शिगेला पोचते. तो ताण या बदलाने हलका होईल, हा त्यामागील युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद तोलताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे दिव्यांची मागणीच बदलली आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. दिवाच कमी वीज घेत असेल, तर तो उशिरा लावल्याने होणारी बचतही कमी होते. परदेशातील अनुभवही संमिश्र आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एका अभ्यासात प्रकाशबचत वेळेमुळे घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे आढळले. दिव्यांवर जे वाचले, त्याहून अधिक थंडावा आणि उष्णता निर्माण करण्यात खर्ची पडले.

दुसरी गोष्ट पहाटेची आहे. बोम्मसंद्रा येथे जानेवारीच्या अखेरीस सूर्योदय सकाळी पावणेसातच्या सुमारास होतो. घड्याळ अर्धा तास पुढे गेल्यास तो सव्वासातला होईल. सहाच्या पाळीला पोचणारा कामगार आज सूर्योदयापूर्वी पाऊण तास कामावर हजर होतो. मग तो सव्वा तास आधी हजर होईल. त्याआधीचा प्रवास संपूर्ण काळोखातला असेल. गुजरातच्या पश्चिम टोकाला, जेथे जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, तेथे तो आठच्या सुमारास उगवेल आणि मुले अंधारात शाळेची वाट धरतील.

शेतकरी कुटुंबातील स्त्रीवर याचा भार सर्वाधिक पडेल. पाणी भरणे, धार काढणे, दूध सहकारी संस्थेच्या संकलन केंद्रावर पोचवणे, स्वयंपाक उरकणे आणि मग कारखान्याची बस गाठणे, हा तिचा क्रम असतो. संकलनाची वेळ घड्याळावर ठरते, कारण पुढे शीतकरण, टँकर आणि शहरातील वितरण यांचे वेळापत्रक तिला जोडलेले असते. घड्याळ पुढे गेले की धारही सूर्याच्या हिशेबाने अर्धा तास अलीकडे येणार. याउलट खुरपणी आणि कापणी मात्र उजेडाचीच वाट पाहणार. म्हणजे घरातली कामे घड्याळाबरोबर पुढे सरकतील, शेतातली सरकणार नाहीत, आणि या दोहोंमधला ताण तिला सोसावा लागेल.

लाभाची बाजूही नमूद करावयास हवी. पाळी संपवून परतणाऱ्याला संध्याकाळी अर्धा तास अधिक उजेड मिळेल. रस्त्यावरील सुरक्षितता, मुलांचे खेळ, आठवडी बाजारातील खरेदी यांना त्याचा उपयोग होईल. परंतु बोम्मसंद्रासारख्या विषुववृत्ताला तुलनेने जवळ असलेल्या ठिकाणी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचे अंतर असते. लंडनमध्ये ते पावणेनऊ तासांच्या आसपास जाते. उन्हाळ्यातील विपुल प्रकाश संध्याकाळकडे वळवण्याची कल्पना ज्या अक्षांशांवर जन्मली, तेथील परिस्थिती दक्षिण भारतात नाही.

व्यवस्थेची वेळ

मग ग्रामीण भागाला दिवसाच्या प्रकाशाचा अधिक लाभ कसा मिळेल? याचे उत्तर भारतात अनेक ठिकाणी, घड्याळाला हात न लावता, शोधले गेले आहे. महाराष्ट्रात उन्हाळा तापू लागला की ‘सकाळची शाळा’ भरते, ती याच विचाराने. पंजाब सरकारने २ मे ते १५ जुलै २०२३ या काळात आपली कार्यालये सकाळी साडेसात ते दुपारी दोन अशी चालवली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेचा विचार करून. प्रत्येक ठिकाणी गरज वेगळी होती, म्हणून बदलही वेगळा होता. देशभराचे घड्याळ एकदम सरकवले असते, तर ही लवचीकता राहिली नसती.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण शेतीच्या विजेचे आहे. कृषिपंपांना अनेक राज्यांत आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, वीज दिली जात आली. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला काळोखात दारे धरावी लागतात. साप-विंचू, बिबट्या, ओल्या जमिनीत विजेचा धक्का, ही भीती त्याच्या सोबतीला असते. त्याच्या दृष्टीने उजेड वाया जातो तो येथे. भर दिवसाचा प्रकाश असताना वीज नसते, आणि वीज येते तेव्हा प्रकाश नसतो.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, तिचा २०२३ मधील दुसरा टप्पा आणि केंद्र सरकारची २०१९ मधील ‘पीएम-कुसुम’ योजना यांचे महत्त्व या संदर्भात पाहावे. पहिल्या योजनेत कृषी वाहिन्यांना सौर प्रकल्पांची जोड दिली जाते. दुसऱ्या योजनेत लहान सौर प्रकल्प, स्वतंत्र सौर पंप आणि असलेल्या पंपांचे सौरीकरण असे तीन घटक आहेत. दोन्हींचा समान परिणाम असा, की पाणी देण्याचे काम दिवसा करता येते. सौर विजेचे उत्पादन दुपारी सर्वाधिक असते आणि पंप तेव्हाच चालवणे वीज यंत्रणेलाही सोयीचे ठरते. २०२३ मधील वीज ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीत दिवसातील आठ ‘सौर तासां’साठी दहा ते वीस टक्के कमी दराची तरतूद झाली, कृषी ग्राहकांना मात्र या वेळनिहाय दरपद्धतीतून वगळले आहे. वीजवापर प्रकाशाच्या वेळेकडे वळवण्याचे धोरण घड्याळाऐवजी दराच्या आणि पुरवठ्याच्या मार्गानेही राबवता येते, हे यावरून दिसते.

परीक्षेच्या दृष्टीने या विषयाकडे पाहताना विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दोन वेळक्षेत्रे, वर्षातून दोनदा बदलणारी प्रकाशबचत वेळ आणि प्रमाणवेळ कायमची पुढे करणे हे तीन स्वतंत्र प्रस्ताव आहेत. त्यांचे लाभ आणि तोटे एकमेकांत मिसळू नयेत. ईशान्येची मागणी भौगोलिक वस्तुस्थितीवर आधारलेली आहे आणि तिचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. उर्वरित देशात मात्र प्रत्येक प्रस्तावाला एकच कसोटी लावून पाहावी. बोम्मसंद्राच्या परिसरात पहाटे गोठ्यात उभी असलेली स्त्री आणि मराठवाड्यात मध्यरात्री दारे धरणारा शेतकरी यांच्या वाट्याला त्यातून उजेड अधिक येतो की काळोख, याचा हिशेब आधी मांडावा. वाचलेल्या युनिटांचा त्यानंतर.